ऋण कोणी फेडायचे?

खरिपाच्या तोंडाशी शिंदखेड्याच्या तहसील कचेरीबाहेर घटकाभर उभे राहिले, तर एक शब्द वारंवार कानी पडतो. तो शब्द म्हणजे 'बोजा'. कोरडवाहू कपाशीच्या भरवशावर सोसायटीचे कर्ज घेतलेले असते. सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात त्याची नोंद चढलेली असते. जमीन आपली, नांगर आपला, घाम आपला. पण कागद दुसऱ्याकडे तारण. हप्ते फिटले, बेबाकीचा दाखला आला, फेरफार मंजूर झाला, की बोजा उतरतो आणि माणूस मोकळा श्वास घेतो. ऋणातून सुटणे म्हणजे काय, हे आमच्या शेतकऱ्याला कोणत्याही धर्मपंडिताने समजावून सांगण्याची गरज नाही.

हा व्यवहारातला अनुभव आरंभी सांगण्याचे कारण असे, की ख्रिस्ती धर्माचा गाभा ज्या कल्पनेवर उभा आहे, ती कल्पना याच व्यवहारातून जन्माला आली आहे. इंग्रजीत तिला 'रिडेम्प्शन' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ परत विकत घेणे, सोडवून आणणे असा आहे. मराठी बायबलने तिच्यासाठी 'तारण', 'मुक्ती', 'उद्धार' हे शब्द योजले आणि त्यासाठी दिलेल्या मोलाला 'खंडणी' म्हटले. 'तारण' या एकाच शब्दात बँकेचे गहाण आणि आत्म्याचा उद्धार हे दोन्ही अर्थ एकत्र नांदावेत, हा योगायोग मोठा बोलका आहे.

धर्मांतराच्या प्रश्नावर आपण पुष्कळ बोलतो. परंतु ज्या विचाराच्या बळावर धर्मांतर घडते, तो विचार काय आहे, याचा अभ्यास आपल्यापैकी किती जणांनी केलेला असतो? प्रतिपक्षाचा सिद्धान्त त्याच्याहून अधिक नेमकेपणाने मांडावा आणि मग त्याचे परीक्षण करावे, ही आपल्या शास्त्रकारांची पूर्वपक्षाची परंपरा आहे. तिला अनुसरून हा विषय पाहू.

सोडवणुकीची मूळ कल्पना

ज्यू समाजाच्या प्राचीन धर्मग्रंथांत 'गोएल' नावाचा एक अधिकार आहे. एखादा भाऊबंद कंगाल झाला, त्याने जमीन विकली किंवा स्वतःलाच दास म्हणून विकले, तर जवळच्या नातलगाने मोल देऊन त्याला सोडवावे, असा तो नियम. लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात त्याचा सविस्तर विचार आहे. दर ५०व्या वर्षी जमिनी मूळ मालकांकडे परत जाव्यात, अशीही योजना त्यात आहे. शेतकरी समाजाने शेतकऱ्याच्या संकटावर शोधलेला हा उपाय होता, आणि तो आदरास पात्र आहे.

संत पौल आणि त्यानंतरच्या आचार्यांनी ही कल्पना साऱ्या मानवजातीला लावली. आदामाने ईश्वराची आज्ञा मोडली, त्यामुळे त्याचा सारा वंश पापाच्या दास्यात पडला. हे ऋण इतके मोठे, की कोणाही माणसाला स्वतःच्या कर्माने ते फेडता येणार नाही. म्हणून ईश्वरपुत्र देह धारण करून आला आणि त्याने क्रुसावर प्राण देऊन ते मोल चुकते केले. माणसाने पश्चात्ताप करून त्यावर श्रद्धा ठेवायची. सुटका त्याला दान म्हणून मिळते.

पण ही खंडणी दिली कोणाला? या प्रश्नावर ख्रिस्ती पंडितांतही एकवाक्यता नाही. आरंभीच्या काही आचार्यांनी सांगितले, की ती सैतानाला दिली. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात ही उपपत्ती नाकारली. ईश्वराच्या मानाचा भंग झाला होता, त्याची भरपाई ईश्वरालाच झाली, असे त्याने मांडले. पुढच्या शतकात आबेलार्डने भर दिला तो वेगळ्याच गोष्टीवर. ख्रिस्ताचे प्रेम पाहून माणसाचे हृदय पालटते, हेच त्याच्या मते त्या मरणाचे मर्म. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट सुधारकांनी न्यायालयाची भाषा आणली : शिक्षा अपराध्याची, भोगली निरपराध्याने. १९३० साली स्वीडनचा धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ औलेन याने पुन्हा जुन्या 'विजया'च्या कल्पनेकडे लक्ष वेधले. मरणावर आणि पापशक्तीवर ख्रिस्ताने मिळवलेला जय, हाच त्याच्या मते या सोडवणुकीचा अर्थ होता.

म्हणजे सुटका झाली यावर सर्वांचे एकमत, पण हिशेब कसा मिटला यावर नऊ शतके वाद चालू आहे.

आपला हिशेब वेगळा

ऋणाची कल्पना आपल्याकडेही आहे, आणि ती वेदकाळापासून आहे. माणूस जन्मतःच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन येतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते. वरवर पाहता दोन्ही विचार सारखे वाटतात. दोन्हीकडे माणूस ऋणको म्हणूनच जन्माला येतो. परंतु भेद येथूनच सुरू होतो. आपल्याकडील ऋण हे पाप नव्हे, ते कृतज्ञतेचे देणे आहे. आणि ते माणसाला फेडता येते. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे, संततीने पितरांचे. मनुस्मृती तर सांगते, की ही तिन्ही ऋणे फेडूनच मन मोक्षाकडे लावावे. जगणे हीच ऋणफेड. येथे जामीन घेणारा तिसरा कोणी लागत नाही.

आपल्या दर्शनांनी याचा तर्कही बांधून ठेवला आहे. केलेल्या कर्माचे फळ न मिळताच नष्ट होणे हा 'कृतनाश' आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी येणे हा 'अकृताभ्यागम', हे दोन दोष ज्या सिद्धान्तात येतात तो सिद्धान्त टिकत नाही. पाप एकाने करावे आणि दंड दुसऱ्याने भोगावा, या मांडणीत हे दोन्ही दोष संभवतात. ख्रिस्ती पंडित यावर उत्तर देतात, की ख्रिस्त हा तिऱ्हाईत नव्हे. तो स्वतः ईश्वर असल्याने धनकोनेच आपले नुकसान सोसले आहे. उत्तर विचार करण्याजोगे आहे. पण मग सरळ प्रश्न उरतो : धनकोलाच कर्ज सोडायचे असेल, तर रक्ताचे मोल कशाला हवे?

या प्रश्नाचे उत्तर इंद्रायणीच्या डोहात आहे. वडिलांची सावकारी वाट्याला आल्यावर तुकोबांनी आपल्या हिश्श्याची कर्जखते नदीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. कोणाकडून काही वसूल केले नाही, कोणाला जामीन मागितला नाही. कागद बुडाले, कुळे मोकळी झाली.

येथे कोणी दामाजीपंतांची आठवण देईल, आणि ती रास्तच आहे. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांसाठी प्रत्यक्ष विठोबाने विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारात धान्याचे मोल भरले आणि पावती घेतली. भक्तासाठी देवाने खंडणी भरली, ही कथा महाराष्ट्राने शतकानुशतके कीर्तनात ऐकली आहे. म्हणून ख्रिस्ती कल्पना मराठी मनाला अगदीच परकी वाटत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दामाजीपंतांवरचे ते देणे पापाचे नव्हते, पुण्याचे होते. भुकेल्यांना अन्न दिले म्हणून ते अंगावर आले. देवाने आधी भक्ताचा पुरुषार्थ पाहिला आणि मग तो धावला.

विद्वानही का गेले?

तर्क आपल्या बाजूला असताना मराठी विद्वान ख्रिस्ती का झाले, हा प्रश्न टाळून चालणार नाही. काशीस वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे यांनी १८४४-४५च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहून मिशनऱ्यांच्या आक्षेपांचे खंडन केले. तेच नीलकंठशास्त्री १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेमाया गोरे झाले. शंकांनी पुढेही त्यांची पाठ सोडली नाही. याच फादर गोऱ्यांच्या विचारांचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला.

रमाबाईंची कथा तर अंतर्मुख करणारी आहे. संस्कृत विद्येत वाढलेली ही मुलगी. तीर्थयात्रा, व्रते, पुराणकथन यांत बालपण गेले, आणि १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण डोळ्यांदेखत गेली. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही आणि वेदाविना मोक्ष नाही, हे तिने पंडितांच्या तोंडूनच ऐकले होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र सापडला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनीच पुढे लिहिले. योग्यतेची अट न घालता मिळणारी सुटका, हे त्यांना लागलेले मर्म होते. केडगावच्या आपल्या संस्थेला त्यांनी नाव दिले ते 'मुक्ती'. हा आपलाच शब्द होता. आपण तो त्यांच्यासाठी दाराआड ठेवला होता.

१८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले, ते गाजले. असे वाद आवश्यकच होते. पण रमाबाईंसारख्यांच्या दुःखाला वादसभेत उत्तर नसते. त्याचे उत्तर घरातच द्यावे लागते.

खानदेशाचा धडा

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम सुरू झाले. १९४९ साली त्याचे 'द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन' असे नामांतर झाले. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय सर्वांना माहीत आहे. भिल्ल आणि मावची वस्त्यांत 'तुझे ऋण फिटले आहे' हा संदेश पोहोचला, तेव्हा तो कोणाच्या कानी पडला? जो सालदार म्हणून उचलीपोटी वर्षभर बांधलेला होता, ज्याची जमीन सावकाराच्या वहीत हरवली होती, त्याच्या कानी. वेठबिगारी कायद्याने संपायला १९७६ साल उजाडले. ज्याला व्याज कधी फिटल्याचे ठाऊक नाही, त्याला 'दुसऱ्याने तुझ्यासाठी मोल भरले' हे शब्द किती शीतल वाटले असतील, याची कल्पना करावी. प्रलोभनाचे प्रकार घडतात, त्यांना विरोध झालाच पाहिजे. परंतु प्रत्येक धर्मांतर प्रलोभनाने झाले, असे म्हणून आपली सुटका करून घेणे हा अभ्यासाचा आळस आहे.

याच मातीने दुसरा मार्गही दाखवला आहे. १९३८च्या सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज या वनवासी संताने आपल्या बांधवांना दारू सोडा, स्नान करा, एकमेकांना 'आप' म्हणा, असे सांगितले. आरतीला हजारोंचा समुदाय लोटे. ज्याला कोणी 'अरे-तुरे'शिवाय हाक मारली नव्हती, त्याला त्याच्याच भावाने 'आप' म्हटले. माणूस आपल्याच बळावर उठून उभा राहू शकतो, हा हिंदू मुक्तिविचाराचा प्रत्यक्ष पाठ होता. १९५२ साली जशपूरला बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाचा आरंभ केला, त्यामागेही हीच आत्मविश्वासाची प्रेरणा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करू नये. ती समजून घ्यावी आणि आपला भेद स्पष्ट, सौम्य शब्दांत मांडावा. त्याची मुक्ती म्हणजे पापाच्या ऋणातून दुसऱ्याने केलेली सोडवणूक. आपली मुक्ती म्हणजे अज्ञानाचा बंध गळून पडणे. शब्द एक असला, तरी वाटा दोन आहेत, हे घरातील मुलांनाही कळले पाहिजे. सर्व वाटा सारख्याच, असे म्हणून विषय गुंडाळणे हे दोन्ही धर्मांवर अन्याय करणारे आहे.

आणि आपल्याच सिद्धान्ताचे ओझे आपण विसरू नये. ज्याचे ऋण त्यानेच फेडायचे, असे आपण म्हणतो. मग पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या श्रमावर आपली शेते पिकली, त्या सालदारांचे, त्या भिल्ल बांधवांचे देणे आपल्या खात्यावर आहे. ते फेडायला दुसरा कोणी येणार नाही. आपल्या शास्त्रात तशी सोयच नाही. तुकोबांनी कागद नदीत सोडले, कारण ते धनको होते. येथे ऋणको आपण आहोत. आपला बोजा उतरवण्यासाठी आपल्यालाच रांगेत उभे राहावे लागेल.