मुरुमांचा बाजार

महागाई, बेकारी आणि कोकणातून मुंबईकडे चाललेली तरुणांची रीघ असे ज्वलंत प्रश्न समोर असताना मुलांच्या चेहऱ्यावरील मुरुमांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सहकारी विचारतील. त्यांना माझे उत्तर असे, की जेथे गरज खरी असते, माहिती केवळ विक्रेत्याच्या हाती असते आणि गिऱ्हाईक पंधरा वर्षांचे असते, तेथे शोषणाला याहून सुपीक जमीन मिळत नाही. समाजवाद्याने तिकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

रत्नागिरीतील दहावी-अकरावीच्या मुलामुलींशी बोलून पाहावे. सॅलिसिलिक ॲसिड, नायसिनामाइड, रेटिनॉल, सीरम ही नावे त्यांना पाढ्यांसारखी पाठ आहेत. परंतु मुरूम का येतात, असे विचारले की 'रक्त अशुद्ध आहे', 'तोंड नीट धुतले नाही' अशी उत्तरे येतात. वस्तुतः वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्राव करू लागतात, रंध्रांची तोंडे बुजतात, तेथे जंतू वाढतात आणि दाह होतो. यात अस्वच्छतेचा दोष नाही. खसाखसा चेहरा घासल्याने तर दाह वाढतोच. म्हणजे मुलांना मालाची नावे ठाऊक आहेत, स्वतःचे शरीर ठाऊक नाही. यालाच आज 'जागरूकता' म्हणतात.

उत्पादक केवळ वस्तू बनवीत नाही, तर त्या वस्तूची हावही निर्माण करतो, असा सिद्धान्त गॅलब्रेथ यांनी १९५८ साली मांडला होता. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने सावळ्या रंगाची लाज घरोघरी पोहोचवली. २०२० साली 'फेअर' जाऊन त्या जागी 'ग्लो' आला. शब्द बदलला, धंदा तोच राहिला. आता ती लाज मोबाईलच्या पडद्यावरून मुलांच्याही वाट्याला आली आहे.

या अज्ञानाची किंमत पैशांपुरती नाही. माझ्या नातीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून एक मलमाची नळी दुकानातून चिठ्ठीवाचून आणली. पंधरा दिवस चेहरा नितळ दिसला. पुढे मलम थांबवताच चेहरा लालबुंद झाला, आग होऊ लागली, पुटकुळ्या दुपटीने उठल्या. त्या मलमात स्टेरॉइड होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून न विकण्याच्या 'एच' अनुसूचीत घातली. कायदा झाला, गल्लीतील काउंटरवर तो पोहोचला आहे काय?

आपण वडीलधारेही निर्दोष नाही. 'वयात आल्यावर व्हायचेच' म्हणून आपण हसण्यावारी नेतो, किंवा खोबरेल चोळायला सांगतो. वस्तुतः तेलकट त्वचेवर खोबरेल रंध्रे आणखी बुजवू शकते. मुलगी आरशासमोर रडते, मुलगा वर्गात मान वर करीत नाही, आणि आपण त्याला नखरे म्हणतो. खोल मुरुमांचे व्रण मात्र जन्मभर राहतात. आपण हसलो म्हणजे मूल जाहिरातीकडे वळते; ती तरी त्याचे दुःख गंभीरपणे घेते.

सरकारचे काय? २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वर्षे वयोगटासाठी सहा विषय निवडले गेले. त्यांत त्वचेच्या विकारांना स्वतंत्र स्थान नाही. मुरुमांवरील बेन्झॉइल पेरॉक्साइड हे साधे, जुने औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचा गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, एवढे एक वाक्य कोणी सांगितले, तरी आठवड्याला नवी बाटली घेणारी कित्येक मुले वाचतील. पण ते वाक्य सांगण्यात कोणाचा नफा नाही, म्हणून बाजार ते सांगत नाही. शिवाय औषध मूल्य नियंत्रण आदेश औषधांपुरताच आहे. तोच माल 'प्रसाधन' म्हणून विकला, की किंमत विक्रेत्याच्या मर्जीची.

जे ज्ञान विकून कोणाला फायदा होत नाही, ते पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. प्रत्येक माध्यमिक शाळेत वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञाचे व्याख्यान व तपासणी व्हावी. ग्रामीण रुग्णालयांत मुरुमांची साधी औषधे मोफत मिळावीत. आणि स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीवाचून विकली जातात काय, याची अन्न व औषध प्रशासनाने नियमित तपासणी करावी. निवेदन देऊन थांबू नये. आपल्या गावातील शाळेच्या मुख्याध्यापकांना याच महिन्यात भेटावे.

मूल आरशात पाहून स्वतःला कमी लेखते, तेव्हा कोणाची तरी तिजोरी भरत असते. ती कोणाची, हे त्याला समजावून सांगणे हेही आपलेच राजकारण आहे.