अनुदान कुणाच्या पदरात?

खानदेशाला अनुदान हा शब्द नवा नाही. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या अंथरताना येथील शेतकऱ्याने तो अनुभवला आहे. प्रारंभी हे तंत्र सामान्य शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचे होते. शासनाने खर्चाचा वाटा उचलला, शेतकऱ्याने धाडस केले आणि जळगावच्या उद्योगाने त्या नळ्या जळगावातच घडविल्या. पाणी वाचले, उत्पन्न वाढले, हातांना काम मिळाले. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या अनुदानावरून देशात जो वाद सुरू आहे, तो याच अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

केंद्र सरकारने २०१५ साली ‘फेम’ योजना आणली. २०१९ साली तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी दहा हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. दुचाकीला बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तास क्षमतेमागे मिळणारे अनुदान जून २०२१ मध्ये १५ हजार रुपये झाले, जून २०२३ मध्ये ते १० हजारांवर आणि एप्रिल २०२४ मध्ये ५ हजारांवर आले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी उत्पादकांना आता अनुदानाची गरज उरलेली नाही, असे मत मांडले. त्यानंतर काही दिवसांतच मंत्रिमंडळाने १०,९०० कोटींच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेला मान्यता दिली. धोरणातले हे दोन सूर सामान्य माणसाला बुचकळ्यात टाकणारे आहेत.

अनुदानाच्या समर्थकांचा युक्तिवाद खोटा नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. हा भार कमी करणे हे राष्ट्रहिताचेच कार्य आहे. विरोधकांचा प्रश्नही तितकाच रास्त आहे. साबण-तेलावर कर भरणाऱ्या शेतमजुराच्या पैशातून शहरी नोकरदाराची दुसरी गाडी स्वस्त का व्हावी? अनुदान असावे की नसावे, हा म्हणूनच खरा वाद नव्हे. ते कुणाच्या पदरात पडते आणि त्यातून देशात काय उभे राहते, हा खरा प्रश्न आहे.

येथे ठिबकचा धडा आठवतो. ‘फेम’च्या अनुदानासाठी ठरावीक सुटे भाग भारतात बनविण्याची अट होती. ती धाब्यावर बसवून आयात भागांच्या गाड्यांवर काही कंपन्यांनी अनुदान उचलले आणि २०२३ मध्ये सरकारला त्यांच्याकडे रक्कम परत मागावी लागली. बॅटरीतले लिथियम सेल आजही प्रामुख्याने आयात होतात, तेही मोठ्या प्रमाणात चीनमधून. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटारींना लागणाऱ्या दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतीय कारखान्यांची कोंडी झाली. आखाताच्या दारातून उठून बीजिंगच्या दारात बसणे याला स्वावलंबन म्हणत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अशी चुंबके देशातच बनविण्यासाठी केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. उशिरा का होईना, पाऊल योग्य दिशेने पडले आहे.

दुसरा प्रश्न लाभार्थ्याचा. चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर येथील विद्यार्थी, रुग्ण आणि बाजारकरी आजही एस.टी.च्याच भरवशावर घराबाहेर पडतात. एका एस.टी.मागे चाळीस-पन्नास जणांची सोय होते. ‘ई-ड्राइव्ह’मध्ये १४,०२८ विजेरी बसगाड्यांची तरतूद आहे, पण ती चाळीस लाखांहून अधिक लोकवस्तीच्या नऊ महानगरांसाठी. त्यांत मुंबई-पुणे आहेत; जळगाव-धुळे नाहीत. लहान शहरांसाठी २०२३ साली ‘पीएम ई-बस सेवा’ जाहीर झाली, हे खरे. परंतु तिचा भर शहरांतर्गत वाहतुकीवर आहे. तालुक्याच्या गावाहून येणारा प्रवासी दोन्हींच्या हिशेबाबाहेरच राहतो.

विजेचे साधन मात्र याच भूमीत आहे. साक्री तालुक्यात २०१३ पासून महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे, पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत. रात्री दीपनगरच्या कोळशावर गाडी भारित करण्यापेक्षा दिवसा, सूर्याच्या विजेवर एस.टी.च्या आगारातच बस भारित करण्याची व्यवस्था उभी राहिली, तर तो पैसा सत्कारणी लागेल. मात्र उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या या भागात टिकतील अशाच बॅटऱ्यांना सवलत मिळावी, ही दक्षताही हवी.

ठिबकचे अनुदान आजही सुटलेले नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. एकदा हाती आलेली काठी टाकणे कठीण असते. म्हणूनच काठी देतानाच ती किती दिवसांची, हे ठरलेले असावे आणि ती आधी ज्याला चालायचे आहे त्याला मिळावी. दुकानातल्या गाडीची किंमत उतरविणारे अनुदान चार दिवसांत विरून जाते. कारखाना, आगार आणि कसबी हात उभे करणारे अनुदान पिढीला पुरते. जनतेच्या घामाचा पैसा वाटताना राज्यकर्त्यांनी हा विवेक जागा ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे.