गळती सोसायटीची, उष्णता मात्र वरच्या मजल्याची!

बिरसी (जि. गोंदिया), प्रतिनिधी

बिरसीच्या धावपट्टीवरून विमान सोडण्यापूर्वी तेथील हवेचे तापमान वैमानिकाला ठाऊक असावेच लागते. हवा तापली की विरळ होते, पंखांना मिळणारी उचल घटते आणि उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या, पुढे वैमानिक प्रशिक्षणासाठी नावारूपाला आलेल्या आणि २०२२ मध्ये प्रवासी विमानांचे आगमन पाहिलेल्या या विमानतळावर मे महिन्यातील उष्णता हा गणिताचा विषय आहे. तेथून सुमारे १२ किलोमीटरवरील गोंदिया शहरात, एखाद्या अपार्टमेंटच्या शेवटच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली झोपणाऱ्या कुटुंबाच्या खोलीत रात्री अकरा वाजता किती अंश तापमान असते, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही.

विदर्भातील उन्हाळ्याची चर्चा दरवर्षी पाऱ्याच्या उच्चांकाभोवती फिरते. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांचा विक्रम नोंदविला. मे २०२४ च्या अखेरीस तर नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखविला आणि देशभर खळबळ उडाली. तो यंत्रातील दोष असल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. आकडा खरा असो वा खोटा, तो असतो मोकळ्या जागेतील, सावलीतील हवेचा. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले अथवा थेट ४५ अंशांवर पोहोचले की उष्णतेची लाट मानली जाते. रात्र किती तापली हे सांगणारा 'उष्ण रात्री'चा निकषही खात्याकडे आहे, पण तोही बाहेरच्याच हवेचा. चार भिंतींच्या आतील उन्हाळा या सर्व निकषांच्या बाहेर राहतो.

माणसे मरतात ती घरात

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या श्रीसदस्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला, तेव्हा राज्य हादरले. ते मृत्यू उघड्या मैदानावर, सर्वांदेखत झाले होते. त्यानंतर भर दुपारी कार्यक्रम घेऊ नयेत, यावर भरपूर चर्चा झाली आणि ती योग्यच होती. परंतु उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंचा जेथे नीट हिशेब मांडला गेला, तेथील चित्र निराळे आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जून २०२१ च्या अखेरीस आलेल्या लाटेत ६१९ जण दगावले. शासकीय चौकशीत असे आढळले की, त्यांपैकी ९८ टक्के मृत्यू घराच्या वा इमारतीच्या आत झाले होते. शिकागोत जुलै १९९५ मध्ये सातशेहून अधिक लोक गेले. त्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांना इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा धोका ठळकपणे जास्त दिसला. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ ने सुमारे १५ हजार बळी घेतले. तेथेही छताला लागून असलेली झोपण्याची खोली हे धोक्याचे एक मोठे कारण ठरले.

ही सारी थंड हवेची शहरे, आपल्याला ऊन नवे नाही, असा युक्तिवाद यावर होईल. तो अर्धाच खरा आहे. उन्हात कसे वावरावे हे विदर्भाला पिढ्यान्पिढ्या कळते. दुपट्टा, कांदा, पन्हे आणि दुपारची सामसूम ही त्याची साक्ष आहे. पण शरीराला रात्री विसावा मिळाला नाही तर दिवसाचा ताण उतरत नाही, साठत जातो. वृद्ध, हृदयरोगी, तान्ही मुले, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगार आणि शेगडीसमोर उभी असलेली गृहिणी यांची खरी परीक्षा भर उन्हात होत नाही, ती घरात होते.

सूर्य नेमका डोक्यावर

गोंदिया साधारण साडेएकवीस अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, म्हणजे नवतपा सुरू असतानाच, मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ काटकोनात डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली लपते. अशा वेळी भिंतींपेक्षा गच्चीच अधिक ऊन झेलते. काळवंडलेल्या उघड्या सिमेंटचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास तापणे यात नवल नाही. काँक्रीट ही उष्णता तत्काळ खाली सोडत नाही; स्लॅबच्या जाडीनुसार आणि त्यावरील कोब्यानुसार चार ते सहा तासांनी ती खालच्या बाजूला पोहोचते. म्हणजे दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी छतातून खोलीत उतरू लागते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरतच राहते. बाहेर वारा सुटून अंगण निवते, तेव्हा खोली तापत असते. पंखा लावावा तर तो छताखालचीच गरम हवा अंगावर फेकतो. रात्री अकराला भिंतीला हात लावून पाहिलेल्या कोणाही भाडेकरूला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. (प्रस्तुत प्रतिनिधीलाही नाही.)

बिरसी-कामठा परिसरातील जुन्या घरांवर कवेलू असत. मातीच्या जाड भिंती, माळा आणि फटींतून खेळणारी हवा यांमुळे उष्णता छतात साठून राहत नसे. पण त्याचे गोडवे गाण्यापूर्वी हेही सांगितले पाहिजे की, दरवर्षी पावसाच्या तोंडावर कवेलू फेरावे लागत, माकडांनी फोडलेले बदलावे लागत आणि तरीही घर गळे. लोकांनी स्लॅब स्वीकारला तो शहाणपणानेच. चूक एवढीच झाली की, कवेलू गेले तेव्हा त्यांनी पार पाडलेले उष्णता रोखण्याचे काम कोणी करायचे, हे ठरलेच नाही.

कूलर, एसी आणि त्यांच्या मर्यादा

त्याची भरपाई विदर्भाने कूलरने केली. कोरड्या हवेत कूलरसारखे स्वस्त आणि परिणामकारक यंत्र नाही. फाल्गुन सरताच ताट्या बदलण्याची लगबग सुरू होते. मात्र कूलर हा बंगल्याचा सोबती आहे. तो खिडकीबाहेर ठेवायला जागा, दिवसातून दोनदा भरायला पाणी आणि ओली हवा बाहेर जायला समोरची उघडी खिडकी मागतो. फ्लॅटमध्ये यांतले काहीतरी नेमके कमी असते. खोलीतच ठेवलेला कूलर बंद दाराआड तासाभरात केवळ दमटपणा वाढवितो. मोसमी पावसापूर्वीची आर्द्रता आली की तर तो निकामीच होतो. शिवाय ओल्या पत्र्याच्या कूलरचा विजेचा धक्का लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भातील वृत्तपत्रांना दर उन्हाळ्यात छापाव्या लागतात, हे विसरून चालणार नाही. अर्थिंग तपासून घेणे आणि पाणी भरताना प्लग काढणे एवढ्या दोनच गोष्टींनी यांतील अनेक अपघात टळतील.

ज्यांना परवडते ते एसीकडे वळले आहेत. जानेवारी २०२० पासून नव्या एसीचे तापमान मुळात २४ अंशांवर लावून देणे बंधनकारक झाले, ही चांगली गोष्ट. पण वापर १०० आणि पुढे ३०० युनिटच्या वर गेला की विजेचा दर चढत जातो आणि तापलेल्या स्लॅबखालचा एसी बराचसा वेळ त्या स्लॅबशीच झुंजत असतो. शेजाऱ्याच्या एसीने बाहेर फेकलेली गरम हवा खिडकी उघडून झोपणाऱ्याच्या वाट्याला येते, ती निराळीच. तिरोड्यात ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प असलेल्या जिल्ह्यात रात्री वीज गेली की एसीवाला आणि बिनएसीवाला दोघेही गच्चीवर भेटतात, हा त्यातला एक विनोद.

छत कोणाचे?

आता मूळ मुद्दा. पावसाळ्यात वरच्या मजल्याचे छत गळू लागले तर काय होते? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि छताची दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती थांबविणे हे संस्थेने आपल्या खर्चाने करावयाचे काम आहे. कारण गच्ची सर्वांची असते. तळमजल्यावरचा सभासदही त्यासाठी वर्गणी देतो. कुरकुर करीत का होईना, पण देतो.

त्याच गच्चीतून पाण्याऐवजी उष्णता आत आली तर? तर तो वरच्या मजल्यावरील कुटुंबाचा खासगी प्रश्न ठरतो. 'घेतानाच विचार करायचा होता', 'म्हणून तर तुम्हाला स्वस्तात मिळाला' ही उत्तरे तयार असतात. स्वतःच्या पैशाने पांढरा रंग मारायचा म्हटले तरी गच्ची सामायिक असल्याने परवानगी लागते. भाडेकरूला तर तोंडच नसते. घरमालक वर राहत नाही आणि जो राहतो त्याच्या हाती काही नाही. लहान शहरांत तर अनेक इमारतींत संस्थेची नोंदणीच झालेली नसते आणि गच्चीवर अद्याप बिल्डरचे कुलूप असते. मग मागायचे कोणाकडे?

छतातून येणारे पाणी हा बांधकामातील दोष आणि छतातून येणारी उष्णता हे निसर्गाचे देणे, हा भेद शास्त्राला धरून नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. छतातून आत येणाऱ्या उष्णतेला तिने मर्यादा घातली आहे: प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅट. साधा १५० मिलिमीटर जाडीचा उघडा स्लॅब याच्या सुमारे तिप्पट उष्णता आत सोडतो. म्हणजे आपल्या शहरांतील साध्या स्लॅबची असंख्य छते या कसोटीवर सरळ नापास आहेत. मात्र ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींचा विचार करते. लहान शहरांतील छोट्या भूखंडांवरच्या अपार्टमेंट तिच्या कक्षेतच येत नाहीत. उभ्या असलेल्या इमारतींचा प्रश्न तर आणखी वेगळा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या गृहनिर्माणविषयक मार्गदर्शिकेत थंडीत घर १८ अंशांखाली जाऊ नये, असे स्पष्ट सुचविले. उन्हाळ्यात घर किती अंशांवर जाऊ नये याचा आकडा मात्र दिला नाही. थंडीला किमान मर्यादा आहे, उन्हाळ्याला कमाल नाही. मार्गदर्शिका कोणत्या हवामानाच्या प्रदेशांना समोर ठेवून लिहिल्या जातात, याची कल्पना यावरून यावी.

चुन्याची बादली

उपाय महागडे नाहीत, ही यातली समाधानाची बाजू. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांनी दाखविले. २०१३ मध्ये त्या शहराने देशातील पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम घेतली. पांढऱ्या छताने खोलीतील तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत उतरू शकते, असा अनुभव आहे. नागपूरनेही २०१६ मध्ये विदर्भातील शेजारच्या काही शहरांसह असा आराखडा तयार केला; परंतु सर्वसाधारणपणे या आराखड्यांचा भर पाणपोया, रुग्णालयातील शीत कक्ष आणि इशाऱ्यांवर असतो. तेलंगणने त्यापुढे पाऊल टाकले. एप्रिल २०२३ च्या 'कूल रूफ' धोरणाने सरकारी व व्यापारी इमारतींना आणि ६०० चौरस यार्डांपेक्षा मोठ्या भूखंडांवरील नव्या घरांना शीतल छत सक्तीचे केले. सीमेपलीकडे जे जमते ते महाराष्ट्रातील नगरपरिषदांना अशक्य का असावे?

रंग न परवडल्यास चुन्याची सफेदीही काम करते, फक्त ती दरवर्षी द्यावी लागते. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक अधिक टिकतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची ताटी बांधणे कितीतरी सरस, कारण काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्याने परत जात नाही. दिवसा खिडक्या बंद आणि रात्री सताड उघड्या, हा नियम जुनाच आहे. डासांच्या जाळ्या बसविल्या तरच तो पाळता येतो. गच्चीवर तणस पसरण्याचा मोह धानाच्या या जिल्ह्यात होणे स्वाभाविक आहे, पण एका ठिणगीचे काम असल्याने तो टाळलेला बरा.

यांपैकी गच्चीवरची सर्व कामे पावसाळा संपल्यानंतर आणि होळीच्या आत व्हावी लागतात. कायद्याने सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची असते. त्या दिवसांत बाहेर पाऊस असतो आणि विषयपत्रिकेवर गळतीचा विषय हमखास असतो. वॉटरप्रूफिंगचे दरपत्रक मागवितानाच वरचा थर पांढऱ्या, ऊन परतविणाऱ्या रंगाचा हवा, एवढी एक ओळ त्यात घातली तर दोन्ही कामे एकाच खर्चात निघतात. ती ओळ घालण्याचा आग्रह वरच्या मजल्यावरील सभासदाने सप्टेंबरातच धरायला हवा. मे महिन्यात केलेल्या अर्जावर पुढच्या सभेपर्यंत विचार होत नाही.