समुत्थानाचा खर्च कोणाचा?

९ जून २०२५ ची सकाळ मुंबईकर सहजासहजी विसरणार नाही. दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यानच्या वळणावर दोन लोकल गाड्या परस्परांच्या शेजारून गेल्या आणि दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर फेकले गेले. काही जण प्राणांस मुकले, काही जायबंदी झाले. दोन दिवस वृत्तपत्रांचे मथळे गाजले. स्वयंचलित दारांच्या गाड्यांची घोषणा झाली. तिसऱ्या दिवशी त्याच वळणावरून, त्याच दारांत, तशीच माणसे लोंबकळत कामावर गेली. जाणार तरी कशी नाहीत? मस्टरवर सही वेळेत व्हावी लागते.

मृतांची मोजदाद होते. त्यांच्यासाठी हळहळ व्यक्त होते. परंतु जो वाचला, मात्र ज्याचा पाय गुडघ्याखाली राहिला नाही, ज्याचा मणका निकामी झाला, त्याचे पुढे काय होते? त्याचे घर कोण चालवतो? या प्रश्नाला बातमीत जागा नसते. मुंबई उच्च न्यायालयासमोर २०२४ मध्ये आलेल्या जनहित याचिकेने उपनगरी रेल्वेवरील जीवितहानीचे चित्र उघडे केले. एका २०२३ या वर्षातच मृतांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली होती आणि जखमींची संख्याही त्याच्या जवळपास होती. इतकी हानी एखाद्या सीमेवर झाली असती, तर राष्ट्र हादरले असते. रोज थोडी थोडी होते, म्हणून ती अंगवळणी पडली आहे.

अनुग्रह नव्हे, अधिकार

अपघातानंतर शासनाकडून 'सानुग्रह अनुदान' घोषित होते. शब्दच बोलका आहे. अनुग्रह म्हणजे कृपा; ती करणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. आपल्या समाजाच्या मनात भरपाई म्हणजे असे कृपादान, ही समजूत इतकी रुजली आहे की, कायद्याने दिलेला अधिकार आपल्याकडे आहे, याचीच पुष्कळांना जाणीव नसते.

वस्तुस्थिती अशी आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये १९९४ साली कलम १२४-अ समाविष्ट झाले. त्यापूर्वी भरपाईचा अधिकार प्रामुख्याने गाड्यांची टक्कर होणे, गाडी रुळांवरून घसरणे अशा दुर्घटनांपुरता होता. नव्या कलमाने गाडीतून अपघाताने पडणे, दहशतवादी कृत्य, दरोडा, दंगल, जाळपोळ अशा घटनाही कक्षेत आणल्या. या कलमाचा गाभा असा की, रेल्वेची चूक असो वा नसो, तिला भरपाई द्यावीच लागते. आत्महत्या वा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा वा वेडाच्या भरातील कृती आणि नैसर्गिक आजार एवढेच अपवाद.

११ जुलै २००६ चे उदाहरण घ्या. पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले. त्या खटल्यातील आरोपींची उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मुक्तता केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गुन्हेगार कोण, याचा निर्णय लांबला, तरी या कलमाखालील जखमी प्रवाशाचा अधिकार त्यावर अवलंबून नाही. कायद्याची ही उदारता निःसंशय स्वागतार्ह आहे.

'दारात लटकणाऱ्याला भरपाई कशासाठी?' असा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकीत हमखास विचारला जातो. सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दोन निर्णयांत दिले आहे. २००८ च्या प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात चालत्या गाडीत चढताना पडलेल्या महिलेच्या वारसांचा दावा मान्य करताना न्यायालयाने हे कलम लोककल्याणकारी असून त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे सांगितले. २०१८ च्या रीना देवी प्रकरणात चढता-उतरताना झालेला अपघातही या कलमात येतो आणि प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणजे 'स्वतःहून करून घेतलेली इजा' नव्हे, हे निःसंदिग्ध केले. आणि खरे पाहता, ज्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही, त्या डब्याच्या दारात उभे राहणे ही हौस असते की अगतिकता, हे ठाणे-डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी दहा मिनिटे उभे राहिल्यास कोणालाही कळेल.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रूळ ओलांडताना होणारे अपघात या कलमात बसत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने तो अतिक्रमणाचा गुन्हा आहे. पादचारी पूल शेजारी असताना दोन मिनिटे वाचविण्यासाठी रुळांवर उतरणाऱ्याने आपल्या घरच्यांचा हा अधिकारही धोक्यात घातलेला असतो.

एक शरीर, तीन कायदे

अधिकार आहे, मग अडचण कोठे आहे? एक माणूस कल्पनेत उभा करू. डोंबिवलीत राहणारा, दादरच्या कारखान्यात काम करणारा कुशल सुतार. पडण्याच्या अपघातात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. तो लोकलमधून पडला असेल, तर त्याने रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे जायचे. बेस्टच्या बसमध्ये चढताना चालकाने बस पुढे काढली आणि तो पडला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायचे. मेट्रोत काही घडले, तर २००२ च्या मेट्रो अधिनियमाखालील दावे आयुक्तांकडे जायचे. शहर एक, माणूस एक, जखम एक. दारे मात्र तीन.

केवळ दारेच वेगळी नाहीत, न्यायाची मापेही वेगळी आहेत. बसच्या अपघातात पुरी भरपाई हवी, तर चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. दोष सिद्ध न करता मिळणारी रक्कम गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख इतकीच ठरलेली आहे. परंतु दोष सिद्ध झाला की, न्यायाधिकरण माणसाचे वय, उत्पन्न, औषधोपचार, वेदना आणि पुढील आयुष्यातील कमाईची हानी या सर्वांचा विचार करते. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरने लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याच्या क्षमतेची हानी या एक गोष्टी नव्हेत. कोणता अवयव गेला, याच्याइतकेच तो कोणाचा गेला, हेही महत्त्वाचे आहे.

रेल्वेचे नेमके उलट आहे. तेथे दोष सिद्ध करावा लागत नाही, परंतु रक्कम तक्त्यात बांधलेली आहे. मृत्यूला आठ लाख. दोन्ही हात गेले तर आठ लाख. एक हात गेला तर चार लाख ऐंशी हजार. अंगठा गेला तर दोन लाख चाळीस हजार. अंगठा सुताराचा असो, लेखनिकाचा असो की निवृत्त गृहस्थाचा, किंमत तीच. पंचविशीतला असो की सत्तरीतला, किंमत तीच. आणि हा तक्ताही काळाबरोबर चालत नाही. मृत्यूची रक्कम १९९७ मध्ये चार लाख झाली आणि ती आठ लाख होण्यास २०१७ चे वर्ष उजाडावे लागले. मधल्या वीस वर्षांत घराचे भाडे, औषधे, कृत्रिम अवयव यांच्या किमती कोठल्या कोठे गेल्या. माणसाच्या हातापायाची किंमत तेवढी स्थिर राहिली.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या विषयात एक अर्थगर्भ शब्द वापरला आहे : 'समुत्थानव्यय'. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तो आढळतो. तेथील संदर्भ मारहाणीचा आहे, वाहतुकीचा नव्हे; परंतु तत्त्व विचार करण्याजोगे आहे. इजा करणाऱ्याने राजाला दंड तर द्यावाच, शिवाय जखमी माणूस पुन्हा उठून उभा राहीपर्यंतचा खर्चही द्यावा. समुत्थान म्हणजे उठून उभे राहणे. या तत्त्वाचा रोख गमावलेल्या अवयवाच्या किमतीवर नाही, तो माणसाच्या पुन्हा उभे राहण्यावर आहे. आजचा रेल्वेचा तक्ता अवयव मोजतो. समुत्थान मोजत नाही. आमच्या मते सर्व त्रुटींचे मूळ येथे आहे.

कागदांची शर्यत

रकमेचे हे असे. ती मिळविण्याची वाट त्याहून खडतर. दावा घटनेपासून एक वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. सबळ कारण असल्यास न्यायाधिकरण विलंब माफ करू शकते. वर्ष मोठे वाटते. परंतु ज्याचे सहा महिने शस्त्रक्रियांत आणि पुढचे सहा घराच्या चार भिंतींत जातात, त्याला विचारा. बससाठी तर २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरी शहाण्याने सहा महिन्यांच्या आतच दावा लावावा.

सर्वांत मोठा वाद होतो तो तिकिटाचा. प्रवासी वैध तिकीट वा पास असलेला हवा, ही अट योग्यच आहे. परंतु धावत्या गाडीतून पडलेल्या, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या खिशातील कागदाचा कपटा तेथेच राहील, ही अपेक्षा कितपत शहाणपणाची? रीना देवी निर्णयाने येथेही मार्ग दाखविला. केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्राद्वारे आवश्यक ती माहिती मांडली की, पुढील सिद्धतेचा भार रेल्वेवर जातो. आज असंख्य पास मोबाइलवर काढले जातात आणि त्यांची नोंद रेल्वेच्याच संगणकात असते. असे असता, रेल्वेने स्वतःची नोंद न पाहता जखमी माणसाकडे पुरावा मागत राहणे हे न्यायाला धरून नाही.

म्हणून प्रत्येक घरात काही गोष्टी माहीत असाव्यात. अपघातानंतर स्टेशन मास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांतील नोंद आणि पंचनामा यांच्या प्रती मिळवाव्यात. रुग्णालयाच्या कागदांवर 'गाडीतून पडल्याने' असे कारण लिहिले गेले आहे ना, हे पाहावे; तेथे चुकून 'रूळ ओलांडताना' असे लिहिले गेले, तर पुढे तोच शब्द आड येतो. पासाची प्रत, सहप्रवाशांची नावे जपावीत. अंतिम निकालापूर्वी रेल्वे प्रशासनाकडे अंतरिम साहाय्य मागण्याची सोय कलम १२६ मध्ये आहे, तिचाही उपयोग करावा. आणि रुग्णालयाच्या दाराशी 'निम्मे माझे' म्हणत उभ्या राहणाऱ्या दलालाला दूर ठेवावे.

काय व्हावे?

पहिली गोष्ट, तक्त्यातील रकमा किमान मर्यादा मानाव्यात आणि जखमीचे वय, व्यवसाय व शुश्रूषेचा खर्च पाहून त्यावर वाढ देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला असावा. तक्ता महागाईशी जोडावा, म्हणजे पुन्हा वीस वर्षे थांबावे लागणार नाही. दुसरी गोष्ट, अशा घटनांच्या चौकशीचे नियम २००३ पासून आहेत. ती चौकशी वेळेत पूर्ण करून तिची प्रत जखमीच्या घरी आपण होऊन पोहोचविणे रेल्वेवर बंधनकारक असावे. तिसरी गोष्ट, महानगरातील लोकल, बस आणि मेट्रो यांच्या जखमींसाठी एकच साहाय्य कक्ष असावा.

रेल्वेचा पैसा शेवटी जनतेचाच, मग एवढे औदार्य कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर साधे आहे. गर्दीतून मिळणारे उत्पन्न साऱ्यांच्या कामी येते. गर्दीची किंमत मात्र एकटा जखमी आणि त्याचे कुटुंब मोजते. तो भार सर्वांनी वाटून घेणे, यालाच समाज म्हणतात. शिवाय अपघात महाग पडू लागले की, ते टाळण्याची निकडही वाढते. आपोआप बंद होणाऱ्या दारांची पहिली वातानुकूलित लोकल मुंबईत २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली. साध्या गाड्यांना तशी दारे बसविण्याची घोषणा होण्यास मुंब्र्याचा अपघात घडावा लागला.

सर्व काही शासनाने करावे, असेही नाही. लोकलच्या डब्यांत गणेशोत्सव होतो, भजनी मंडळे रंगतात, वर्षानुवर्षांच्या गटांत सुखदुःखाची देवाणघेवाण होते. त्याच डब्यातील एक जण उद्या आला नाही, तर त्याच्या घरी जाऊन कागद गोळा करणारे, साक्षीला उभे राहणारे, न्यायाधिकरणाच्या तारखेला सोबत जाणारे दोन हात त्याच डब्यातून का निघू नयेत? निवृत्त वकील, बँकेतील कर्मचारी, विद्यार्थी यांनी आपल्या उपनगरात आठवड्याचे दोन तास या कामाला दिले, तरी कितीतरी दावे मुदतीत दाखल होतील.

पडलेल्या माणसाला रुळांवरून उचलणारे हात मुंबईत कधी कमी पडले नाहीत. परंतु उचलणे म्हणजे उभे करणे नव्हे. ते राहिलेले अर्धे काम कायद्याचे आहे आणि आपलेही आहे.