रात्रपाळीतला निषिद्ध शब्द

मराठी घरातून बाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. रात्री दुकान बंद करीत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' असेच म्हणावयाचे. अशुभ उच्चारले की अशुभ ओढवते, ही समजूत आता बहुतेकांच्या मनातून गेली असली तरी तिने घडवलेली भाषा जिभेवर राहिली आहे. ज्यांचा सारा व्यवहार रक्ताच्या अहवालांवर आणि हृदयाच्या आलेखांवर चालतो, त्या डॉक्टरमंडळींच्या ओठांवरही रात्रपाळीत असाच एक शब्द अडतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसेल. तो शब्द म्हणजे 'शांत'.

रात्रीचे दोन वाजलेले असतात. अपघात विभागातील बाके रिकामी असतात. नवखा शिकाऊ डॉक्टर सहज बोलून जातो, 'आज अगदी शांत आहे', आणि जुनी परिचारिका डोळे वटारते. आता रुग्णांची रीघ लागणार हे तिच्या लेखी ठरलेलेच असते. इंग्लंड-अमेरिकेतील रुग्णालयांत तर या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे केवळ आद्याक्षर उच्चारण्याची रीत पडून गेली आहे. जोडीला पौर्णिमेच्या रात्रीची धास्ती आहे. ज्याच्या पाळीत हटकून गर्दी उसळते, अशा सहकाऱ्याला तिकडे 'काळा ढग' म्हणतात. कोणाला ठरावीक पेन खिशात लागते, कोणाला ठरावीक टोपी.

या समजुतींची परीक्षा डॉक्टरांनीच घेतली आहे, हे त्यांच्या शास्त्रनिष्ठेला शोभणारेच म्हटले पाहिजे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत तातडीच्या विभागातील चार वर्षांच्या सुमारे दीड लाख नोंदी तपासण्यात आल्या. पौर्णिमेला गर्दी वाढल्याचे आढळले नाही. २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात इंग्लंडमधील प्रेस्टन येथील सूक्ष्मजीवशास्त्र विभागातला एक प्रयोग छापून आला. ६१ दिवसांपैकी काही दिवस 'आजचा दिवस शांत जाईल' असे मुद्दाम म्हणावयाचे, इतर दिवशी तो शब्द कटाक्षाने टाळावयाचा, आणि कामाची मोजदाद करावयाची. दोन्ही प्रकारच्या दिवसांतील कामात लक्षणीय फरक निघाला नाही. शब्द निर्दोष सुटला.

तरीही समजूत टिकून आहे. शब्द उच्चारल्यावरही जी रात्र सुरळीत गेली, ती कोणाच्या स्मरणात राहत नाही. जी उलटली, तिची कथा वर्षानुवर्षे चहाच्या टेबलावर सांगितली जाते. परंतु स्मरणशक्तीचा हा पक्षपात म्हणजे संपूर्ण उत्तर नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी पॅसिफिकमधील ट्रोब्रियंड बेटांवर राहून तेथील कोळ्यांचे जीवन पाहिले. किनाऱ्यालगतच्या संथ पाण्यात मासेमारी करताना हे कोळी कोणताही तोडगा करीत नसत. खुल्या समुद्रात शिरावयाचे असले की मात्र मंत्र-तंत्रांना सुरुवात होई. जेथे कौशल्य पुरते तेथे माणूस कौशल्यावर विसंबतो. जेथे ते अपुरे पडते आणि प्राणाशी गाठ असते, तेथे तो विधीचा आधार शोधतो.

रात्रीचे रुग्णालय हा असाच खुला समुद्र आहे. दारातून पुढचा रुग्ण सर्पदंशाचा येईल की हृदयविकाराचा, एक येईल की अपघातातील दहा, हे कोणीच सांगू शकत नाही. परीक्षेला ठरावीक पेन नेणारा विद्यार्थी आणि हा डॉक्टर यांच्यात जातीचा फरक नाही. म्हणूनच या समजुतींची टवाळी करण्यात अर्थ नाही. पेनाने रुग्णाचे नुकसान होत नाही आणि हातास स्थैर्य आले तर लाभच आहे.

नुकसान होते ते वेगळ्याच ठिकाणी. रात्र कोसळली ती कोणी एक शब्द उच्चारल्यामुळे, असे हसत-हसत म्हटले की ती का कोसळली हा प्रश्न तेथेच मिटतो. किती खाटांमागे किती डॉक्टर होते, त्यांतला कोण किती तास झोपला नव्हता, या गोष्टी नशिबाच्या नव्हेत; त्या मोजता येतात. बोस्टनमधील अतिदक्षता विभागांत झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सलग २४ तास किंवा त्याहून अधिक काळ चालणाऱ्या पाळ्यांच्या वेळापत्रकात शिकाऊ डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक घडल्या, असे त्यात दिसून आले. आपल्या देशात निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः १२ तासांपेक्षा अधिक असू नये, असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितले होते. त्यानंतर ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाला आठवड्याच्या कामावर ७४ तासांची मर्यादा आणि एक दिवसाची सुटी सुचवावी लागली. चौऱ्याहत्तर तास ही ज्या व्यवस्थेत सवलत ठरते, तेथील काळा ढग कोणा एका डॉक्टरच्या डोक्यावर नाही, हे उघड आहे.

कोणी म्हणेल, माणसाला विधी हवाच असतो. असेल, पण विधी तपासून घेता येतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे नाव आणि शस्त्रक्रियेची जागा मोठ्याने उच्चारून पाहावयाची, नंतर कापसाचे बोळे व हत्यारे मोजावयाची, अशी १९ कलमांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने म्हणणे, हाही बाह्यतः मंत्रच. पण त्यामागे कारणमीमांसा आहे.

तेव्हा डॉक्टरांनी 'शांत' हा शब्द टाळावयाचा असेल तर खुशाल टाळावा. आपणही दारातून निघताना 'येतो'च म्हणतो. मात्र रुग्णालये चालवणाऱ्यांनी तरी रात्र नशिबावर सोडू नये. पहाटे चार वाजता खाटेवर पडलेल्या रुग्णाच्या दृष्टीने, त्याच्यावर वाकलेला डॉक्टर सुदैवी आहे की नाही यापेक्षा तो पुरेसा झोपलेला आहे की नाही, हाच प्रश्न मोलाचा असतो.