हट्ट जुना, कुत्रा नवा

लहानपणी ‘आधी अभ्यास कर’ ऐकून कुत्र्याचा हट्ट गिळलेली पिढी आता कमावती झाली. फ्लॅट घेतला, पिल्लू आणलं, की सोसायटीचे सेक्रेटरी कुत्राबंदीचा ठराव दाखवतात. तो ठराव पोकळ आहे. बहुमत असलं तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्येच बजावलं आहे.

पण मालकांचंही चुकतं. रेबीजची लस, महापालिकेचा परवाना, जिन्यातली घाण उचलणं यांत अनेकांची हौस आटते (आजीच्या अंगावर काम पडतं, ते वेगळंच). शिवाय नागपूरच्या मे महिन्यात बर्फाळ सायबेरियाचा हस्की पाळणं हा प्रेमाच्या नावाखाली छळच. आपलं गावठी कुत्रं या उन्हाला सरावलेलं असतं, आणि दत्तक मिळतं तेही फुकट.