बुडीत खात्यातले शहाणपण

नंदनवनातल्या कोणत्याही किराणा दुकानात तांदूळ मागा, दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एचएमटी देऊ की श्रीराम?" आपण भाव विचारतो, चार दाणे तळहातावर घेऊन पाहतो आणि पाच-दहा किलो बांधून घेतो. घड्याळाच्या कंपनीचे नाव तांदळाला कसे पडले, हे विचारण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान धोरण हा काही रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायचा विषय नव्हे, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण हा विषय आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात भरून ठेवलेला आहे, त्याला काय करणार?

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. मराठवाड्यातले नांदेड ते वेगळे. या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचा, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेला, दीड एकराचा धनी राहत होता. १९८३ साली 'पटेल-३' या धानाच्या शेतात त्यांना तीन लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या बाकीच्या धानाबरोबर झोडपून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात काट्यांचे कुंपण घातलेल्या चिमूटभर जागेत वेगळ्या पेरल्या, त्यातले दाणे पुन्हा निवडले आणि पुन्हा पेरले. असे हंगामामागून हंगाम गेले. दाणा बारीक निघाला, भात चवदार होऊ लागला. १९९० च्या सुमारास हा धान तळोधीच्या बाजारात गेला तेव्हा त्याला नाव नव्हते. मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही तेव्हा मिरवण्याची गोष्ट होती, म्हणून व्यापाऱ्याने तेच नाव देऊन टाकले.

पुढची हकीकत तितकीशी गोड नाही. १९९४ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाने हे बियाणे नेले आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केला. आम्ही त्याचे शुद्धीकरण करून सुधारणा केली, असे विद्यापीठाचे म्हणणे. मूळ श्रेय मला मिळाले नाही, असे दादाजींचे. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांना गौरवले. त्यांनी आणखीही अर्धा डझनाहून अधिक वाण निवडून काढले. जून २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा अखेरच्या आजारपणात उपचारांच्या खर्चाची विवंचना घराला होती, हे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले होते.

श्रेयाचा वाद जाणत्यांनी निवडावा. मला वेगळाच प्रश्न छळतो. १९८३ ते १९९० ही सात वर्षे त्या माणसाला कर्ज कोणी दिले असते?

माझी उमेदीची सगळी वर्षे बँकेत गेली. कर्जाचा अर्ज टेबलावर आला की आम्ही पाहत असू सातबारा, तारण, जामीनदार आणि परतफेडीची कुवत. एखादा माणूस समोर बसून म्हणाला असता, "साहेब, माझ्याकडे तीन लोंब्या आहेत. सात वर्षे लागतील. काही निघेल की नाही, सांगता येत नाही," तर त्याचा अर्ज भरायला छापील नमुन्यात रकानाच नव्हता. आजही नाही. दोन हंगाम हप्ता थकला की अल्प मुदतीचे पीककर्ज अनुत्पादक ठरते आणि मग शिफारशीखाली सही कोणाची, याचा शोध सुरू होतो. यात बँकांना दोष देण्याचे कारण नाही. तो पैसा ठेवीदारांचा असतो. कोणा निवृत्त शिक्षकाच्या मुदतठेवीवर आपण प्रयोग करू शकत नाही, करूही नये. पण मग प्रयोगाची जोखीम घ्यायची कोणी?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी कायद्यात आणि अंदाजपत्रकात लिहून ठेवले, त्यांपैकी एक देश म्हणजे फिनलंड. आपले नागपूर आणि भंडारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढी माणसे भरतील, साधारण तेवढाच हा देश. वर्षातला बराच काळ बर्फाखाली. १९६७ साली, स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त, त्यांनी 'सित्रा' नावाचा निधी काढला आणि तो चक्क मध्यवर्ती बँकेच्या छत्राखाली ठेवला! (आपल्या रिझर्व्ह बँकेत असा प्रस्ताव गेल्याची कल्पना करून पाहा.) १९८३ मध्ये 'तेकेस' ही संस्था आली. तिच्या संशोधन कर्जांना एक विलक्षण अट होती : प्रकल्प प्रामाणिकपणे केला आणि तरी फसला, तर कर्जाचा काही भाग वसूल न करण्याची मुभा. आम्ही ज्याला बुडीत कर्ज म्हणून घाबरत आलो, त्याची तरतूद त्यांनी आधीच करून ठेवली होती.

१९९० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत बाजारपेठ कोसळली, तिकडच्या बँका डबघाईला आल्या, बेकारी सोळा टक्क्यांवर गेली. अशा वेळी घरातला माणूस आधी पुस्तके विकतो. त्यांनी संशोधनाचा निधी वाढवला. पुढे सरकारी कंपन्यांचे समभाग विकून आलेल्या पैशातला वाटाही तिकडे वळवला. त्यांचे सगळेच गोमटे झाले, असे नाही. नोकियाने फोनचा धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला विकला आणि त्याच दशकात सरकारनेही हात आखडता घेतला. त्याचे चटके बसल्यावर जवळजवळ सर्व पक्षांनी एकत्र येऊन २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्के संशोधनावर खर्च करण्याचे ठरवले आणि त्यातला सरकारी वाटा कायद्याने बांधून घेतला.

आपल्याकडे ठरावांना तोटा नाही. १९५८ चा विज्ञान धोरण ठराव, १९८३ चे तंत्रज्ञान धोरण, मग २००३, २०१३ आणि २०२० चा मसुदा. दोन टक्क्यांचे लक्ष्य २००३ मध्येही होते, २०१३ मध्येही होते. २०२०-२१ चा आकडा ०.६४ टक्के. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त भारतीय विज्ञान काँग्रेस याच शहरात भरली होती, तेव्हाही व्यासपीठावरून आत्मनिर्भरतेची भाषा झाली. नागपूरला विज्ञान परके नाही. नीरी इथे, कापूस संशोधन संस्था इथे. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली विद्यापीठाला ठेवलेल्या सुमारे ३५ लाखांच्या देणगीतून उभी राहिलेली एलआयटीही इथलीच. एका खाणमालकाने उपयोजित विज्ञानावर तेव्हा एवढी रक्कम लावली, हे आज खरे वाटत नाही.

फसलेल्या प्रयोगानंतर काय करायचे, हे मात्र आपल्याला अजून जमलेले नाही. वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर 'बिकानेरी नरमा' हा सरकारी बीटी कापूस काढला. तो संकरित नव्हे, सरळ वाण होता. शेतकऱ्याला घरचे बी राखता आले असते. पण त्यात खासगी कंपनीच्या जनुकाचा अंश सापडल्याचे निष्पन्न झाले आणि २००९ मध्येच तो मागे घ्यावा लागला. चौकशी समिती बसली, २०१२ मध्ये अहवाल आला. चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्याच जोमाने दुसरा प्रयत्न लगोलग व्हायला हवा होता, तो रेंगाळला. सरकारी सरळ बीटी वाण यायला ते दशक सरत आले. तोवर गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली होती आणि विदर्भातला शेतकरी दर मृगाला संकरित बियाण्याची पाकिटे विकत घेतच होता. त्या वर्षांचे व्याज त्याने भरले.

आता जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधन, विकास आणि नवप्रवर्तन यांसाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली आहे. कमी किंवा शून्य व्याजाचे, लांब मुदतीचे कर्ज असे तिचे स्वरूप. हे पाऊल मोठे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण ते पैसे मधल्या निधी-व्यवस्थापकांमार्फत जाणार, आणि जाणार ते बहुधा कंपन्यांकडे, प्रयोगशाळेतून थोडे पुढे चालत आलेल्या तंत्रज्ञानासाठी. तीन लोंब्या त्या दारापर्यंत पोचणार नाहीत.

तारणाशिवाय पैसे देणे आपल्याला अजिबात माहीत नाही, असेही म्हणता येत नाही. २००३ मध्ये सिडबीच्या मदतीने सुमारे ४ कोटींचा एक लहानसा निधी नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या हाती आला. त्यातून खेड्यापाड्यांतल्या कल्पक कारागिरांना ना जामीन, ना गहाण, केवळ एका साध्या करारावर रक्कम मिळे. चार कोटी कुठे आणि एक लाख कोटी कुठे! नव्या योजनेतले हजारात एक रुपया, म्हणजे शंभर कोटी, अशा कामासाठी वेगळे काढावेत. पाच-सात वर्षे हप्ता नको, प्रयोग फसला तर रक्कम माफ, आणि साधला तर वाणाच्या किंवा यंत्राच्या कागदावर पहिले नाव त्या माणसाचे. अर्ज मराठीत, दोन पानांचा. छाननीला एखाददुसरा निवृत्त शाखाधिकारी जरूर घ्यावा. खुर्चीत बसून नव्हे, तर बांधावर उभे राहून अर्ज तपासणारे काही जण अजून हिंडते-फिरते आहेत.